कानातील नाद आणि औषधाची गोळी

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत आरोग्यविषयक एखादा लेख असावा, आणि तो सर्वांच्या उपयोगी पडावा, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधावयास आम्हांस फार दूर जावे लागले नाही. वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांची फाईल उघडून पाहावी. मोतीबिंदू, मधुमेह आणि गुडघे ह्यांच्या खालोखाल एक तक्रार तीत वारंवार आढळते. 'कानात सतत आवाज येतो. औषध चालू आहे. दरमहा इतका खर्च होतो. तरी साहाय्य मिळावे.' अर्जदार बहुधा साठीच्या पुढचे. औषध सुरू होऊन कोणास दोन वर्षे झालेली, कोणास पाच. आवाज मात्र होता तेथेच आहे.

हा निधी सभासदांच्या वर्गणीतून आणि कोणी मुंजीच्या, कोणी वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने दिलेल्या देणग्यांतून उभा राहिला आहे. त्यातील रुपया अशा गोळ्यांवर महिनोन् महिने खर्च व्हावा काय, हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा आला. तो केवळ हिशेबाचा प्रश्न नव्हे. अर्ज करणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच झोप येत नाही, त्याला खरोखरच त्रास आहे, आणि गोळी बंद केली तर आवाज वाढेल ही भीतीही त्याला खरीच वाटते. त्याला नुसता नकार कळविणे बरे नव्हे. कानाच्या दुखण्यांत आमचा जन्म गेला असल्यामुळे, ह्या नादावर औषध आहे काय, असल्यास कोणत्या प्रसंगी, आणि नसल्यास का नाही, हे सविस्तर सांगणे आम्हांस आमचे काम वाटते.

आपल्याकडे ह्या दुखण्याची ओळख फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत, त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड ही निरनिराळी सांगितली आहेत. डॉक्टर लोक ज्याला टिनिटस म्हणतात तो शब्द मूळ लॅटिन असून त्याचा अर्थही घंटेप्रमाणे वाजणे असाच आहे. प्रत्येकाचा आवाज वेगळा. कोणास रातकिडे ऐकू येतात, कोणास कुकरची शिट्टी, कोणास शंख कानाला लावल्यासारखे घुमणे. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना पहिले कित्येक दिवस शेजारच्या घरातील पाण्याची मोटर रात्रभर चालू राहते असेच वाटत होते, आणि त्यांनी शेजाऱ्यांशी भांडणही काढले होते!

ही तक्रार विरळ नव्हे. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०२२ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे प्रौढ माणसांत शेकडा १४ जणांस कधी ना कधी कर्णनादाचा अनुभव येतो आणि सुमारे शेकडा २ जणांस तो तीव्र स्वरूपात छळतो. म्हणजे ज्यांना आवाज येतो त्यांतील बहुतेक लोक त्याची फारशी फिकीर न करता आपापली कामे करीत असतात. हे का व कसे, ह्यातच ह्या दुखण्याची अर्धी किल्ली आहे.

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन ह्या दोघांनी एक साधा प्रयोग केला. ज्यांचे कान धडधाकट आहेत आणि ज्यांना कसलीही तक्रार नाही अशा ८० माणसांस त्यांनी एकेक करून एका अगदी निःशब्द खोलीत बसविले आणि काय ऐकू येते ते लिहावयास सांगितले. शेकडा ९४ जणांनी कसला ना कसला आवाज ऐकू आल्याचे लिहिले. गुणगुण, सूं सूं, किणकिण वगैरे. बाहेर तर काहीच वाजत नव्हते. अर्थात हा आवाज थोडाफार आपल्या सर्वांच्याच डोक्यात असतो. बाजारातील गलबला, पंखा, रेडिओ, माणसांचे बोलणे ह्यांखाली तो झाकून जातो इतकेच.

आता तो वाढतो कसा, ते पाहू. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळणावळणाची एक नळी आहे. तीत बारीक केसांचे झुबके असलेल्या पेशी रांगेने बसविलेल्या असतात, एका कानात सुमारे पंधरा हजार. बाहेरून आलेल्या आवाजाने हे केस हलतात आणि त्याची वर्दी मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाते. ह्या पेशींचे दुर्दैव असे की एकदा मेल्या म्हणजे माणसाच्या जातीत त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात, आपल्या नाही. म्हातारपणाने, मोठ्या आवाजाने किंवा काही औषधांनी त्या मरत जातात, आणि प्रथम बारीक, उंच स्वर ऐकू येण्याचे थांबते. मेंदूकडे तेवढ्या भागातून वर्दी येईनाशी होते. मग मेंदू काय करतो? स्टेशन नीट लागत नसले म्हणजे आपण रेडिओचा आवाज वाढवितो आणि मग नुसती खरखरच मोठी होते, तसेच काहीसे तो करतो. कानाने पाठविलेला निरोप नाही, म्हणून मेंदू आपली ऐकण्याची ताकद वाढवितो, आणि स्वतःच्याच मज्जातंतूंची कुजबुज त्याला ऐकू येऊ लागते. आवाज कानात वाटतो खरा, परंतु तो जिवंत ठेवणारे यंत्र बहुतेक वेळा कानाच्या पलीकडे, मेंदूत बसलेले असते.

ज्यांनी इंदूरच्या कापडगिरण्यांचे दिवस पाहिले आहेत त्यांस निराळे उदाहरण देण्याची गरज नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. विणकाम खात्यात शेकडो माग एका वेळी खडखडत, आणि तेथे पाळीभर उभी राहणारी माणसे एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून बोलत. कानात बोळे घालण्याची पद्धत त्या काळी फारशी नव्हती. माग भंगारात जाऊन किती वर्षे झाली, पण त्या खात्यातील म्हाताऱ्यांच्या कानांत काहीतरी अजून चालूच आहे. आपल्या संस्थेतील अशी दोन-तीन कुटुंबे आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या घरी टीव्हीचा आवाज मोठा का असतो, ते सुनांनी समजून घ्यावे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. रुग्णाला त्याच्या नादाशी जुळणारा आवाज यंत्रातून ऐकवून तो किती मोठा आहे हे मोजता येते. कोणी म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, डोक्यात इंजिन चालल्यासारखे वाटते.' मोजून पाहावे तर तो आवाज, त्या माणसाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजाहून पाच-दहा डेसिबलनीच मोठा निघतो. ह्याचा अर्थ तो मनुष्य सोंग करतो असा मुळीच नाही. आवाजाची मोजणी निराळी आणि त्याचा जाच निराळा, एवढाच त्याचा अर्थ. रात्री अंथरुणावर पडल्यावर नळाचा थेंब ज्याला अस्वस्थ करतो, त्याच्या दृष्टीने तो थेंब लहान नसतो.

औषध शोधणाऱ्यांपुढील अडचण ह्यावरून ध्यानात येईल. ताप उतरला की नाही ते थर्मामीटर सांगतो. साखर रक्तात मोजता येते. नाद कमी झाला की नाही, हे केवळ रुग्णाच्या तोंडून कळते. शिवाय हा नाद महिन्यामहिन्याने आपोआप कमीजास्त होत असतो, आणि मनुष्य दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा नाद शिगेला पोचला म्हणजे. त्यानंतर काहीही दिले, नुसती खडीसाखर दिली, तरी काही लोकांस बरे वाटणारच. म्हणूनच अशा औषधाची परीक्षा करावयाची तर निम्म्या लोकांस खरी गोळी आणि निम्म्यांस दिसावयास हुबेहूब तशीच पण आत औषध नसलेली गोळी द्यावी लागते, आणि कोणास काय दिले हे देणाऱ्यास व घेणाऱ्यास, दोघांसही कळू द्यावयाचे नसते.

ह्या शोधाचा इतिहास मोठा रंजक आहे. रॉबर्ट बाराणी म्हणून एक कर्णवैद्य होऊन गेला. आतल्या कानाचा आणि शरीराच्या तोलाचा संबंध उलगडल्याबद्दल त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बातमी त्याला कळली तेव्हा तो रशियनांच्या कैदेत युद्धकैदी होता. ह्याच बाराणीला १९३५ साली असे आढळले की नाकात बधिरतेचे इंजेक्शन दिले असता काही रोग्यांच्या कानातील नाद थांबतो. पुढे लिडोकेन हे दात काढताना वापरतात ते औषध शिरेतून देऊन पाहण्यात आले. पुष्कळ जणांचा आवाज खरोखर मंदावला, कित्येकांचा पार बंद झाला! पण काही मिनिटांपुरता, फार तर काही तासांपुरता. औषध उतरले की नाद परत हजर. आणि लिडोकेन शिरेतून देणे हा खेळ नव्हे. हृदयाची लय बिघडू शकते, झटके येऊ शकतात. त्याच जातीची पोटात घेण्याची औषधे करून पाहिली, तीही निभावली नाहीत. तरी बाराणीच्या त्या निरीक्षणाचे मोल कमी होत नाही. नाद औषधाने थांबू शकतो, हे तत्त्व त्याने सिद्ध झाले. वापरण्याजोगे औषध मात्र अद्याप कोणास सापडलेले नाही.

तेव्हा सरळ सांगावयाचे तर असे: वर्षानुवर्षे चाललेला कर्णनाद बंद करील अशी सिद्ध झालेली एकही गोळी आज जगात नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने ह्या कामासाठी एकाही औषधास मान्यता दिलेली नाही. मग दुकानांतून मिळते ते काय?

आमच्या फाईलीतील चिठ्ठ्यांवर सर्वांत अधिक दिसणारे नाव बीटाहिस्टीनचे. हे औषध मूळचे मेनिएरच्या रोगासाठी, म्हणजे भोवळ, बहिरेपणा आणि कानात नाद असे तिन्ही एकत्र येणाऱ्या दुखण्यासाठी वापरतात. तेथून ते साध्या कर्णनादाच्या चिठ्ठीवर केव्हा उतरले हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. इंग्लंडमधील सरकारी मार्गदर्शक संस्थेने मार्च २०२० मध्ये स्पष्ट लिहिले आहे की केवळ कर्णनादासाठी बीटाहिस्टीन देऊ नये. खुद्द मेनिएरच्या रोगातही त्याची कसोटी २०१६ साली जर्मनीत झाली. २२१ रुग्णांना नऊ महिने, काहींना कमी मात्रा, काहींना जास्त मात्रा आणि काहींना नुसती औषधविरहित गोळी. भोवळीचे झटके तिन्ही गटांत कमी झाले आणि सारखेच कमी झाले. ह्या एका निकालात 'मला तर ह्या गोळीने गुण आला' ह्या बोलण्याचे कोडे बरेचसे सुटते. गुण आला हे खरे, पण तो गोळीने आला की दिवस गेल्याने, हे एकट्या माणसाला कळावयास मार्ग नसतो.

दुसरे मोठे नाव गिंको बिलोबाचे. ह्या चिनी झाडाच्या पानांचा अर्क 'रक्ताभिसरण वाढवितो' म्हणून विकला जातो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ह्याची मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. हजाराहून अधिक लोकांनी बारा आठवडे दिवसातून तीन वेळा गोळ्या घेतल्या. शेवटी ज्यांनी खरा अर्क घेतला त्या ३६० जणांपैकी ३४ जणांनी त्रास कमी झाल्याचे सांगितले, आणि ज्यांनी नकली गोळी घेतली त्या ३६० पैकी ३५ जणांनी! शिवाय हा अर्क रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर घेतला तर रक्तस्रावाचा धोका असतो, आणि आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी हृदयासाठी तशी औषधे घेणारे किती आहेत हे आम्ही सांगावयास नको.

कॅरोव्हेरिनचीही तीच गत. १९९७ साली ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी ते शिरेतून दिल्यावर निम्म्याहून अधिक रोग्यांस लगेच आराम पडल्याचे लिहिले. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये तसेच करून पाहता तो परिणाम दिसला नाही. आपल्या देशात त्याच्या कॅप्सूल कर्णनादावर विकल्या जातात. जस्त, मेलाटोनिन, जीवनसत्त्वांची मिश्रणे ह्यांबद्दल अधिक लिहीत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ च्या आपल्या मार्गदर्शनात गिंको, जस्त, मेलाटोनिन व तत्सम पूरके कर्णनादासाठी देऊ नयेत असे सांगितले, आणि फिटांची किंवा उदासीनतेवरील औषधेही केवळ नादासाठी सरसकट देऊ नयेत असे बजावले. रक्तात ब-१२ कमी आहे असे तपासणीत निघाले तर ते भरून काढावेच. शुद्ध शाकाहारी घरांत ही उणीव सापडते. पण ती उणिवेसाठी. उणीव नसताना दर आठवड्यास टोचून घेण्यात अर्थ नाही.

सिनारिझीनविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. भोवळीवरची ही गोळी चार-आठ दिवसांपुरती ठीक आहे. पण 'कानाची गोळी' म्हणून ती वर्षानुवर्षे चालू ठेवणारे लोक आम्ही पाहतो. म्हातारपणी दीर्घकाळ घेतल्याने तिच्यामुळे हातापायांस कंप सुटणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे असा प्रकार होऊ शकतो, आणि मग त्या कंपावर निराळे औषध सुरू होते. झोपेच्या गोळ्यांचे, अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम ह्यांचेही तसेच आहे. पहिल्या आठवड्यात त्या फार गोड लागतात, नंतर सुटत नाहीत. रात्री उठताना म्हातारा मनुष्य पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. तथापि ह्या गोळ्या घेत असलेल्यांनी हा लेख वाचून त्या एकदम बंद करू नयेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

नवीन औषधांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. पडद्यामागच्या कानात इंजेक्शनाने सोडावयाचे एक औषध, एएम-१०१ नावाचे, मोठ्या परीक्षांपर्यंत पोचले आणि २०१६ व २०१८ ह्या दोन्ही वेळी नापास झाले. ओटीओ-३१३ हे तशाच जातीचे दुसरे २०२२ साली बाद झाले. संशोधक स्वस्थ बसलेले नाहीत, पण आज हाती काही नाही.

कानात तेल घालण्याविषयी घरोघर विचारतात. पडदा शाबूत असेल तर तेल पडद्याच्या बाहेरच राहते, ज्या पेशींचे दुखणे आहे तेथवर ते पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर आत जाऊन पू होण्याचे भय. पावसाळ्यात तेलकट ओलसर कानात बुरशी धरते, तीही आम्ही दरवर्षी काढतो. लहान मुलांच्या कानांत कोमट तेल सोडण्याची आजीबाईंची हौस आम्ही मोडू शकलो नाही, परंतु ज्यांच्या कानात नाद आहे त्यांनी तरी ती करू नये.

इतके वाचून कोणी म्हणेल की मग डॉक्टरकडे जावयाचेच कशाला? तर तसे नाही. काही प्रसंगी औषध हेच खरे, आणि उशीर झाला तर कायमचे नुकसान आहे.

सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येईनासे झाले आणि त्याच कानात नाद सुरू झाला, तर ती घाईची वेळ समजावी. लोक म्हणतात, सर्दी झाली असेल, मळ बसला असेल, प्रवासात पाणी गेले असेल. शेजारीण तेल घालावयास सांगते. पंधरा दिवस निघून जातात. हा आतल्या कानाला आलेला अचानक बहिरेपणा असू शकतो. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन देतात, आणि त्याचा उपयोग व्हावयाचा तर पहिल्या काही दिवसांत, निदान पहिल्या दोन आठवड्यांत. सर्वांचाच कान परत येतो असे नाही. काहींचा औषधाशिवायही येतो. परंतु वेळ गेल्यावर प्रयत्नालाही जागा उरत नाही. ह्या लेखातील एखादीच गोष्ट घरी कोणास सांगावयाची असेल तर वाचकांनी ही सांगावी.

नाद नाडीच्या ठोक्याबरोबर, धडधड असा येत असेल तर तो निराळा प्रकार. तेथे रक्तदाब पाहावा, रक्त कमी आहे काय ते पाहावे, थायरॉइड पाहावा. क्वचित कानाजवळच्या रक्तवाहिन्यांत दोष असतो. पंडुरोग झालेल्या स्त्रीच्या कानातील धडधड लोहाच्या गोळ्यांनी थांबलेली आम्ही पाहिली आहे. अशा वेळी गोळी नादावरची नसते, मूळ कारणावरची असते. सतत एकाच कानात येणाऱ्या नादाचीही नीट तपासणी हवी, कारण ऐकण्याच्या मज्जातंतूवर हळूहळू वाढणारी गाठ, दुर्मिळ असली तरी, अशीच सुरू होते. टाइपरायटर चालावा तसा तुटक तुटक टकटकणारा एक विरळा नाद असतो, तो मात्र कार्बामाझेपीन ह्या फिटांच्या औषधाने चांगलाच आटोक्यात येतो. आणि अर्थातच कानातील मळ! तो काढून टाकल्यावर नाद गेला म्हणून पेढे देऊन गेलेले गृहस्थही आहेत.

औषधाने नाद थांबत नसला तरी औषधाने नाद सुरू मात्र होतो. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतले तर कान वाजू लागतात, हिवतापावरील क्विनाइनचेही तसेच. ही बंद केल्यावर नाद बहुधा जातो. हृदयरोग्यास रोज देतात ती ॲस्पिरिनची लहान गोळी ह्या मानाने फार थोडी असते, तेव्हा कानाच्या भीतीने ती सोडू नये. खरे भय निराळ्या वर्गाचे आहे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयाच्या रोग्यांना नवा जन्म मिळाला. त्याच इंजेक्शनांनी कित्येकांचा कान किंवा तोल कायमचा गेला. जेंटामायसिन, अमिकासिन, कनामायसिन ही त्याच घराण्यातील. जीव वाचविण्यासाठी ती द्यावी लागली हेही तितकेच खरे. क्षयाच्या हट्टी प्रकारांत वापरले जाणारे कनामायसिन जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये शिफारशीतून काढून टाकले, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. काही कुटुंबांत आईकडून मुलांकडे येणारा एक दोष असतो, त्यामुळे ह्या वर्गाच्या थोड्याशा इंजेक्शनांनीही बहिरेपणा येतो. 'मामाला तापात सुया दिल्या आणि कान गेले' अशी गोष्ट ज्या घरात सांगतात, त्या घरच्या लोकांनी ती प्रत्येक डॉक्टरला न विचारता सांगावी. कर्करोगावरील सिस्प्लॅटिनही कानाचे शत्रू आहे. लहान मुलांना त्यापासून वाचविण्यासाठी सोडियम थायोसल्फेट ह्या औषधास अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. कान बिघडू नये म्हणून औषध मिळाले, बिघडलेला दुरुस्त करणारे अद्याप नाही.

मग ज्याच्या कानात नाद वर्षानुवर्षे आहे त्याने काय करावे? प्रथम श्रवणालेख काढावा. पुष्कळांच्या बाबतीत ऐकणे कमी झालेले असते आणि ते त्यांना स्वतःला ठाऊक नसते, बायकोला ठाऊक असते. श्रवणयंत्र लावले म्हणजे बाहेरचे आवाज पुन्हा आत येऊ लागतात आणि नाद त्यांच्याखाली झाकला जातो. प्रत्येकाचा नाद ह्याने कमी होईलच अशी हमी आम्ही देत नाही. पण नातवंडांचे बोलणे ऐकू आले, एवढा लाभ तरी पदरात पडतोच, आणि तो कोणत्याही गोळीने मिळत नाही. दुसरे असे की पूर्ण शांतता टाळावी. रात्री पंखा चालू ठेवावा, तंबोऱ्याचे यंत्र अगदी मंद लावावे, पावसाच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका लावावी. नाद बुडेल इतका मोठा आवाज नको, नादाला सोबत होईल इतकाच हवा.

तिसरी गोष्ट मनाची. वर्तन-विचार उपचार म्हणून एक पद्धत आहे. तीत प्रशिक्षित मानसतज्ज्ञ रुग्णाशी ठरावीक बैठकींत बोलून, आवाजाची भीती आणि त्याच्याकडे सतत कान देण्याची सवय कमी करतो. २०२० साली अशा २८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यांत २,७३३ लोक होते. ह्या उपचाराने आवाज मोठा-लहान होत नाही, परंतु त्याचा जाच कमी होण्याची शक्यता त्यात दिसून आली. आम्ही पूर्वी सांगितले की आवाजाची मोजणी निराळी आणि जाच निराळा, तो भेद येथे कामास येतो. 'म्हणजे मला वेड लागले आहे काय?' असे रुग्ण रागाने विचारतात. मुळीच नाही. मोडलेल्या हाताला व्यायाम शिकवितात तसे हे लक्षाला वळण लावणे आहे.

उदासीनता जडलेली असेल तर तिच्यावर औषध अवश्य द्यावे, नादावर म्हणून नव्हे तर उदासीनतेवर म्हणून. घरातील मोठे माणूस जेवण टाकू लागले, कोणाशी बोलेनासे झाले, 'आता हे जगणे नको' असे म्हणू लागले, तर तो म्हातारपणाचा हेका आहे असे समजून दुर्लक्ष करू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे आणि त्याला रात्री एकटे ठेवू नये.

आता निधीविषयी. केवळ कर्णनादासाठी चालू असलेल्या दरमहाच्या गोळ्यांस साहाय्य देण्याऐवजी श्रवणालेखाचा पूर्ण खर्च द्यावा, आणि जरूर तेथे श्रवणयंत्रासाठी अर्धी रक्कम द्यावी, अशी सूचना आम्ही मंडळापुढे ठेवली आहे. दोन-तीन वर्षांच्या गोळ्यांत एक बरे यंत्र येते, हा हिशेब चिटणीसांनी स्वतः मांडून पाहिला आहे. ज्यांचे औषध मेनिएरच्या रोगासाठी, रक्तदाबासाठी, उदासीनतेसाठी किंवा अन्य निश्चित कारणासाठी आहे, त्यांना ही अट लागू करू नये असेही आम्ही सुचविले आहे. काही सभासदांस हे कठोर वाटेल. त्यांनी वार्षिक सभेत अवश्य बोलावे.

तोपर्यंत ज्यांना आमच्याकडून कान दाखवून घ्यावयाचे असतील त्यांनी संस्थेच्या दवाखान्यात यावे. येताना घरात चालू असलेल्या सर्व गोळ्या, हृदयाच्या, गुडघ्याच्या, झोपेच्या, आयुर्वेदिक, शेजाऱ्यांनी दिलेल्या, एका पिशवीत घालून आणाव्यात. नावे पाठ असण्याची गरज नाही.